पेटीतली दहा जॅकेटं

निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहायला आलो, वर्दी कपाटात गेली, पण एक प्रकरण काही मला सोडत नाही. बाकीचे गुन्हे मी लोकांना रंगवून सांगतो. हे टाळत आलो. आज लिहून टाकतो.

माझ्या हद्दीत धरणाच्या फुगवट्याला लागून एक गाव होतं. पलीकडच्या वस्तीला रस्त्याने मोठा वळसा, म्हणून ये-जा होडीने. ग्रामसभेने नियम करून काठावर फलक लावला होता: एका वेळी दहाच माणसं, वारा सुटला की होडी बंद, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट. फलक ठळक अक्षरांत होता आणि त्याच्याच खांबाला होडी बांधत.

एका दुपारी भर पाण्यात वाऱ्याने होडी उलटली. नावाड्यासह आठ जण होते. मासेमारांनी सात जणांना ओढून काढलं. अंगणवाडीची सेविका दुसऱ्या दिवशी सापडली. पंचनामा चालू असताना तिच्या नवऱ्याने मला एकच विचारलं, "सायेब, तिच्या अंगात जाकीट का न्हवतं?"

"शोधून काढतो," मी म्हणालो.

जॅकेटं होडीत होती, वाहून गेली, असा जबाब नावाड्याने दिला. मी लिहून घेतला, पण पटला नाही. तरंगण्यासाठीच केलेली वस्तू. दहातलं एकही काठाला लागू नये? त्याच दिवशी एक मासेमार ठाण्यात आला आणि हवालदाराच्या कानाशी लागला. "होडीत जाकीटं न्हवतीच की. लई दिसांपास्नं न्हाईत. कुटं गेली, त्येला इचारा."

माझा पारा चढला. यानं ती विकून खाल्ली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. नावाड्याला समोर बसवून दोन तास फैलावर घेतलं.

"कुणाला विकलीस?"

"इकली न्हाईत, सायेब."

"मग गेली कुठं?"

यावर तो गप्प. मान वर करायला तयार नाही. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे खरं. पण दर वेळी स्वतःसाठीच लपवतो असं नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याला आणि दोन पंचांना घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. कोपऱ्यात कुलूप लावलेली लोखंडी पेटी होती. त्याच्या बायकोने पदराची गाठ सोडून किल्ली दिली. आत दहाच्या दहा जॅकेटं, धुऊन घड्या घातलेली, उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून मध्ये कडुनिंबाचा पाला. वर होडीची तपासणी वही.

"लई जपल्यात, सायेब," ती बिचारी म्हणाली. "तपासणीला कुनी आलं तरच काडायची, एरवी हात लावायचा न्हाय, असं हेंनी बजावलंय."

मी वही उघडली. शेवटचा शेरा असा होता: 'जॅकेटं मळलेली आढळली. स्वच्छ ठेवावीत. पुन्हा अशी दिसल्यास परवाना रद्द करण्याची शिफारस केली जाईल.' खाली सही माझी.

मग आठवलं. होडीच्या तपासणीला गेलो तेव्हा जॅकेटांना माशांचा वास येतो म्हणून त्याला चार माणसांत झापलं होतं. जॅकेटं मोजली होती. ती कुणी घालतं का, हे विचारलं नव्हतं.

"हे ठाण्यात का नाही बोललास?" मी नावाड्याला बाजूला घेऊन विचारलं.

"तुमालाच कसं सांगायचं, सायेब?"

पंचनाम्यात मी 'दहा जॅकेटं, एक वही' एवढंच लिहिलं. वही मुद्देमालात कोर्टात गेली. तिथं ती कुणी उघडली नाही, आणि त्यानेही तोंड उघडलं नाही. वाऱ्यात होडी घातली ही त्याची चूक होतीच. शिक्षा मात्र एकट्यालाच झाली. मला शरम वाटते, आजही वाटते.

नोकरीने मला शिकवलं ते एवढंच: साहेब जे बघतो, तेच लोक सांभाळतात. मी मळ बघितला.

निकालाच्या दिवशी सेविकेचा नवरा कोर्टाच्या पायरीशी थांबला होता. जॅकेटं नावाड्याच्या पेटीत होती, हे त्याला साक्षीतून कळलं होतं.

"पर पेटीत का ठेवली, सायेब?" त्याने विचारलं.

"ते काही कळलं नाही," मी म्हणालो, आणि जीपमध्ये बसलो.