अक्काचा डावा गुडघा

बाळूचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. "मावशी, आई गेली." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "धार काढली होती का रे तिनं?" आता आठवलं की लाज वाटते, पण विचारलं ते हेच. "व्हय की," तो रडत म्हणाला, "कट्ट्यावरनं आली, बादली ठिवली, भितीला टेकून बसली... ती उठलीच न्हाय." तीन आठवडे झाले. भेटायला येणारे हळहळतात. मी म्हणते, हळहळू नका, माझी बहीण जिंकून गेली.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कोल्हापुरात गिऱ्हाईकासमोर म्हैस उभी करून धार थेट ग्लासात काढून देतात आणि तो कोमट, फेसाळ ग्लास तिथंच उभ्यानं प्यायचा असतो. आमच्या पेठेतल्या अशा दूध-कट्ट्यावर सगळे पुरुष, बाई एकटी अक्का. दाजी वारल्यावर 'म्हशी विकून टाक' म्हणणाऱ्यांना तिनं असं झापलं की पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पण चाळिशीत तिला आमवातानं गाठलं. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं, त्यातला हा प्रकार. गोळ्यांनी बोटं वळणावर आली, उजवा गुडघाही कसाबसा आला. डावा मात्र हट्टी! नारळाएवढा सुजायचा, पाणी काढलं की आठ दिवसांत पुन्हा भरायचा. धार काढायची तर उकिडवं बसून बादली गुडघ्यांत धरावी लागते. स्टूल घेऊन पाहिलं, म्हैस बिथरली. बाळू बसला तर ती दूध चोरायची, वर ओढून धरायची. अक्का गोठ्याच्या दारात खुर्चीवर बसून नुसती शिव्या घालायची, म्हशीलाही आणि देवालाही. "मला बसता यायला पायजे गं," एवढं एकच तिचं मागणं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाचं नाव सांगितलं. तिथं किरणोत्सारी औषध सुईनं थेट गुडघ्यात सोडत, सांध्याचं सुजलेलं अस्तर त्यानं आतल्या आत जळून जाई. मी घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, रोग जाणार नाही, पण हा गुडघा सुटण्याची बरीच आशा आहे. अक्काला निराळीच काळजी. "बाई, हे दुधात उतरंल का ओ?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "ताई, तुमचं बाळ अंगावर पितं?"

"आवो, म्हशीच्या दुधाचं इचारतोय मी!" अख्खा वॉर्ड हसला. मग त्यांनी नीट समजावलं. औषध गुडघ्यातच राहतं, काही आठवड्यांत त्याचा जोर संपतो, म्हशीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मी मान डोलावत होते. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ना मी!

सुई दिल्यावर पाय फळीला बांधून तीन दिवस हलायचं नाही, असा हुकूम होता. आयुष्यात गप्प न बसलेली बाई तीन दिवस दगडासारखी पडून राहिली. दोन महिन्यांनी गोठ्यात माझा खांदा धरून ती हळूहळू खाली गेली आणि... बसली! पूर्ण उकिडवी. आम्ही दोघी खो-खो हसलो आणि रडलोही.

पण कट्ट्यावर भलतंच झालं. पेपरात अणुस्फोटाच्या बातम्या गाजत होत्या आणि पेठेत कुणीतरी उठवलं, अक्काच्या अंगात बाँबचं औषध हाय, तिच्या हातचं दूध पिऊ नका. ती कट्ट्यावर परतली त्या पहिल्या सकाळी मी सोबत गेले होते, तर तिची जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीपुढं उभी. अक्कानं कुणाकडं पाहिलं नाही. ग्लास भरला आणि माझ्यापुढं धरला.

मी ग्लास घेतला, पण हात वर जाईना. सगळं माहीत असूनही जाईना. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा अक्का हळू आवाजात बोलली, फक्त मला ऐकू येईल असं. "तू बी भ्यालीस व्हय गं?"

त्या डोळ्यांत राग नव्हता. मी ग्लास रिकामा केला, ओठांवरचा फेसही पुसला नाही. तसे पलीकडच्या फळांच्या गाड्यावरचे बागवानचाचा उठून आले. "आन हिकडं अक्का. मास्तरीनबाई न भिता प्याल्या, मग आमाला काय धाड भरलीया?" आठवड्याभरात तिच्या म्हशीपुढं पुन्हा रांग लागली आणि पुढं जवळजवळ दहा वर्षं, ती जाईपर्यंत, तुटली नाही. येईल त्याला ती ओरडून सांगायची, "सगळी पळाली, पर माझ्या भनीनं घटाघटा पैला ग्लास पेला, काय समजलासा!"

परवा कट्ट्यावर गेले. चाचा बाळूच्या बायकोला तीच गोष्ट रंगवून सांगत होते. मला बघून चारजण बाजूला सरले, वाट दिली. अक्का होती तोवर मी हे कौतुक निमूटपणे घेतलं.

"नाही चाचा," मी म्हटलं. "मी भ्याले होते. तिनं कधी कुणाला कळू दिलं नाही."