बाकावर बसलेले सर

मंगरूळपीरच्या कॉम्प्युटर क्लासमंधी मी झाडू मारतो. तिथले सर मोठे अजब मानूस. खुर्ची असून बसत नाईत, चहा उभ्यानंच फुकून पेतात, अन् कोनी पोट्टं कॉम्प्युटरले हात लावाले गेलं का वरडतात, "पह्यले कागदावर मांड!"

माह्या नातीले पुन्याच्या एका कंपनीत लागाचं होतं. तिथं शेअरबाजाराचे अंदाज कॉम्प्युटरकडून काढून घेतात म्हने. त्या कंपनीच्या परीक्षेले दोन महिने उरले होते. कोनी म्हने कॉम्प्युटरची जावा भाषा शिक, कोनी म्हने सी प्लस प्लस. पोरीनं सारंच थोडं थोडं धरलं अन् रडाले बसली. तिचे मायबाप गेले तवापासून लोकायच्या वावरात निंदन करून मी तिले वाढवलं. रडून कसं चालन?

मी तिले सरायपाशी नेलं. सर म्हनाले, "कायले एवढ्या भाषा? एक पायथन पक्की कर. अन् गनित सोडू नोको. भाव चढन का पडन, ते गनितातूनच समजते."

"ते गनित तुमी शिकवसान?" पोरीनं इचारलं.

"मलेच येत नाई. तू पुस्तक वाच अन् मले शिकव."

मले वाटलं, गंमत करून राह्यले. पन दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं पोरगी फळ्यापाशी उभी, अन् सर पोट्ट्यायच्या बाकावर वही घेऊन बसेल!

"नाई समजलं, पुन्हा सांग," रोज म्हनत. सांगता सांगता पोरगीच पक्की झाली.

नोकरीचं पत्र आलं तवा सरायनं साऱ्या क्लासले पेढे वाटले. कोनी इचारलं, "सर, तुमची विद्यार्थिनी लागली काय?"

"विद्यार्थिनी कायची? माही मास्तरीन लागली!"