हर्णैचा पुकारा

…तर मुकुलनं फोनवर बोट टेकवलं आणि रेकॉर्डिंग गेलं, इथवर आपण काल आलो होतो. गेलं खरं, पण भलतंच गेलं की हो!

तिथल्या, म्हणजे परदेशातल्या, मराठी मंडळींची रीत अशी, की गणपतीच्या कार्यक्रमात काही करायचं तर आधी रेकॉर्डिंग समितीच्या प्रेमाताईंना पाठवायचं. ताईंच्या कानाला पटलं, तरच नाव कार्यक्रमाच्या कार्डावर. मुकुलनं दोन करून ठेवली होती. एक समितीसाठी, नाकातून अमेरिकन उच्चार काढत केलेलं रॅप. दुसरं स्वतःच्या हौसेचं, सेम्बावांगच्या आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार लावून केलेलं. गेलं ते दुसरं.

आणि त्यात होतं काय? मुकुलचा बाप हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. काय तो आवाज! समुद्राच्या वरताण! तोच पुकारा पोरानं तालावर धरला होता, सुरमई-पापलेटासकट. अर्धं हर्णैचं मराठी, अर्धं तो कामाला होता त्या तुआसच्या जहाजांच्या यार्डातलं इंग्रजी. आता सांगा, गणपतीच्या दिवसांत मासळी!

"ब्लू टिक आली लाह, बाबा," गार्गी, त्याची लेक, सोफ्यावरून तिथल्या पोरांसारखा 'लाह' जोडत म्हणाली.

"डिलीट करू?"

"आता काय उपयोग? त्यांनी ऐकलं. डिलीट केलंत तर मोअर सस्पिशियस."

बोटीच्या इंजिन रूममध्ये पाणी शिरलं तेव्हाही मुकुल एवढा घाबरला नव्हता बिचारा! फोनवर 'टायपिंग' दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. चहावर साय धरली.

रॅपचं हे खूळ त्याला लागलं विलायतेत. बोटीवर नवखा इंजिनियर होता तेव्हा टिलबरीला बोट लागली. गोदीतल्या एका पोरानं त्याला आपल्या गाडीत बसवून गाणी ऐकवली. म्हणाला, आमच्याकडेही सुरुवातीला सगळे अमेरिकन बोली तोंडात धरायचे. वाटायचं, रॅप त्यांचंच, मग बोलणंही त्यांचंच हवं. लोक हसायचे. मग काहींनी आपल्या गल्लीतलं बोलायला सुरुवात केली, जमैकाहून आलेल्या आजी-आजोबांचे शब्द घालून. वर्षानुवर्षं अमेरिकेत कुणी हिंग लावून विचारलं नाही त्यांना. आणि आज? मोठमोठ्या स्टेजांवर तीच बोली, बक्षिसं तिलाच, आणि अमेरिकेतली पोरंसुद्धा कान देऊन ऐकतात. मुकुल ते सगळं मनापासून ऐकत आला, पण स्वतः माईक धरला की पुन्हा नाकातच बोलायचा. भीती हो! लोक म्हणतील, कोळीवाड्यातलं काय आणलंय हे.

"बाबा, खरं सांगू?" गार्गी म्हणाली. "पहिल्यात तुम्ही कॉल सेंटरवाले वाटता."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात तुम्ही आजीशी फोनवर बोलता तसे."

एवढ्यात फोन वाजला. प्रेमाताई! मुकुलनं तो दोनदा कानाला लावला, एकदा तर उलटा.

"मुकुल, अरे गणपतीसमोर सुरमई? माझ्या सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या, त्यांनी जपमाळ खाली ठेवली!"

"ताई, ते चुकून…"

"मागे तू चहाला आला होतास तेव्हा अमेरिकन थाटाचं म्हणून दाखवलंस ना, ते समितीतल्या सगळ्यांना आवडलं होतं. तेच कर. तासाभरात कार्ड छापायला जातंय. बोल, काय लिहू?"

मुकुलनं खिडकीतून खाली पाहिलं, मग गार्गीकडे. ती मोबाइल खाली ठेवून त्याच्याकडेच बघत होती. आणि आवाज अगदी बापासारखा निघाला:

"ताई, सुरमईच्या जागी मोदक पुकारतो, पापलेटाच्या जागी नारळ, आजींना सांगा माळ उचला म्हणून. पण पुकारा माझ्या बापाचाच राहील, हर्णैचाच. ते अमेरिकन हवं असेल तर दुसरा माणूस बघा. आणि काय ते लवकर सांगा हो, कार्ड छापायला जातंय ना."