पिल्लू दिसलं की खुडायचं

अव्गुस्ता पावलोव्नाची जीभ फार वाईट. मी इतकी वर्षं तिच्या खालच्या मजल्यावर राहते, पण तिच्या तोंडून कुणाला शाबासकी मिळालेली मी ऐकली नाही. मायेनं बोलायची ती फक्त खिडकीतल्या आफ्रिकन व्हायोलेटच्या फुलझाडांशी.

त्यांच्यासाठी तिनं दुकानातून काही आणलं नाही. कुंड्या म्हणजे आंबट सायीचे रिकामे डबे. जुन्या पायमोज्यांच्या वाती करून त्यांचं एक टोक मातीत, दुसरं खालच्या पाण्यात. रोप लागेल तेवढं पितं. लहान रोपांवर केकच्या डब्याचं झाकण. पाणी घालायला एनिमाची रबरी पिचकारी, म्हणजे पानं भिजत नाहीत. पानांवरची धूळ झाडायला नवऱ्याचा दाढीचा ब्रश. नवरा केव्हाच दुसरीकडे नांदायला गेला होता. ही फुलं पुरुषाला घरातून हाकलतात असं आमच्याकडे म्हणतात. मी तिला चिडवलं तर म्हणाली, "तो गेला तेव्हा घरात एक पानही नव्हतं, तोन्या. फुलांना कशाला श्रेय देतेस? ते माझं आहे!"

जन्मभर दातांच्या दवाखान्यात काम केलं, तिथला दात कोरायचा आकडा तिच्याकडे होता. बुंध्याशी फुटणारी पिल्लं ती त्यानं उपटायची. त्यावरून सून इंगाचा रोज उद्धार व्हायचा. मुलगा रोदिओन उत्तरेला तेलाच्या विहिरींवर, घरात या दोघीच.

"पिल्लू दिसलं की खुडायचं, आईचं रक्त पितं ते! पण सूनबाईंना दिसेल तर ना. यांना ताटातलं झुरळ दिसत नाही."

इंगा बिचारी खाली मान घालून बटाटे सोलायची.

मग एका रोपाला पांढऱ्या पाकळ्यांवर मधोमध निळा पट्टा असलेली फुलं आली. असं हजारांत एखादं होतं. पेर्म शहरातल्या फुलांच्या प्रदर्शनवाल्यांनी कळवलं, पिल्लांनाही तशीच फुलं आली तर वाणाला तुमचं नाव देऊ. अव्गुस्ता हरखली. "माझ्या नावाचं जगात काही नाही गं. फ्लॅटसुद्धा पोराच्या नावावर."

पिल्लं फुटावीत म्हणून तिनं रोपाचा शेंडाच छाटला. शेंडा रुजवायला ठेवला तो कुजला. पण बुंध्याला दोन पिल्लं आली, आणि तेवढ्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिला इस्पितळात जावं लागलं.

"इंगाला सांगितलंस ना?" मी विचारलं.

"तिला काय सांगायचं? ती माझ्या कुंड्यांना हात लावत नाही."

अव्गुस्ताला घरी आणायला मीच गेले होते. इंगानं कोबीचं सारण भरलेले पाव भाजले होते. खिडकी लखलखत होती.

"बघा ना, अव्गुस्ता पावलोव्ना," इंगाचा चेहरा फुलला होता. "सगळी रोपं आकड्यानं साफ केली. एक पिल्लू ठेवलं नाही. त्या छाटलेल्यावर तर दोन चांगली माजली होती."

अव्गुस्तानं ती कुंडी जवळ ओढली. "कुठे टाकलीस?"

"कचऱ्यात. परवाच गेला कचरा."

"खाली पानं आहेत ना," मी म्हटलं. "त्यातलं एखादं लाव."

"पानापासून नुसतं निळं येतं. पट्टा पिल्लातच उतरतो." मग ती सुनेवर उसळली. "डोळे फुटले होते तुझे? एवढं पण कळलं नाही?"

इंगा पांढरीफटक पडली, पण या वेळी मान खाली गेली नाही. "तुम्ही ओरडून ओरडून शिकवलंत, तेच केलं. वाटलं, एकदा तरी बरं म्हणाल."

बुंधा वाळला. प्रदर्शन आलं आणि गेलं. उन्हाळ्यात इंगा सामान बांधून रोदिओनकडे उत्तरेला गेली ती कायमची. जाताना अव्गुस्ताला पायातल्या चपलांपासून औषधांपर्यंत सगळं हाताशी लावून गेली.

परवा मी वर गेले तर अव्गुस्ता तो वाळका बुंधा हातात धरून बसली होती.

"तिचा हात चांगला होता, तोन्या. बघ, कुठे ओरखडा नाही."

मला असा संताप आला! "हे मला काय सांगतेस? तिला सांग! लाव फोन!"

तिनं फोन उचलला, तसाच परत ठेवला.

"आणि तिनं उचलला तर? चांगलं कसं बोलतात, ते मला येत नाही गं."