तारखेचा डबा

केस चटकन मिटली असती, तर सांगायला काही उरलंच नसतं. आमची लांबली, आणि प्रत्येक तारखेला एक किस्सा चिकटत गेला!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला आमची बैठी चाळ. मालकाने दावा लावला, खोल्या खाली करा! जायचं कुठे? गावाला भाऊबंद दारात उभं करत नव्हते.

मी चौथी पास, म्हणजे चाळीतली शिकलेली! वकिलासमोर मलाच पुढे केलं. म्हटलं, "साहेब, आमच्यावर खटला झालाय."

"खटला फौजदारीत म्हणतात, बाई. तुमचा दिवाणी दावा."

"बारसं मागनं करा, आधी घर वाचवा!"

*

मग स्टे आला. वकील म्हणाले, "पुढचा हुकूम होईपर्यंत आहे ते तसंच राहील. कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी नळावर शांताने रांगेत बादली ठेवली आणि ओरडली, "स्टे!" चहा टाकायला घरात गेली. बादलीला हात लावायची कुणाची छाती होईना! आठवड्याभरात सगळ्या बादल्यांवर स्टे. पाणी वाहतंय, बायका घरात!

शेवटी मीच एक बादली सरकवली. शांता धावत आली, "ए, स्टे होता ना गं माझा!"

"उठवला!"

आता फ्लॅटमध्ये माझा एकटीचा नळ. पाणीही येतं. भांडायला कुणी येत नाही.

*

याच शांताचा नवरा एका रविवारी कॅरम खेळत बसला. घरी आला तर बोंबील संपलेले.

"माझे कुठायत?"

"एकतर्फी निकाल लागला."

"अगं, माझं म्हणणं तरी ऐकायचंस!"

"पोरीच्या हाती दोनदा समन्स धाडलं. हजर झालास?"

भिंतीपलीकडे आम्ही तोंडात पदर कोंबून हसतोय! तेव्हापासून चाळीतले पुरुष जेवायला वेळेवर.

*

वांद्र्याच्या कोर्टात तारखेला आम्ही बायकाच जायचो. लक्ष्मीकाकी, मालवणकडची, चाळीत सगळ्यांत म्हातारी. ती डबा घ्यायची. काळ्या वाटाण्याचं सांबारं नि वडे. पुकारा व्हायला दुपार व्हायची.

त्याच बाकड्याच्या टोकाला मालक बसलेला. बायको वारलेली, घरात करणारं कुणी नाही. खिशातली बिस्किटं खायचा. एका तारखेला काकीने झाकणात सांबारं वाढून त्याच्यापुढे सरकवलं.

मी भडकले. "काकी, हा आपल्याला रस्त्यावर काढतोय नि तू त्याला वाढतेस?"

काकी म्हणाली, "दावो आत. भायर तो भुकेल्लो माणूस."

पुढच्या तारखेपासून मालक घरून स्वतःची ताटली आणायला लागला! आत त्याचा वकील आमची चाळ पाडायचा, बाहेर हा ताटली चाटूनपुसून साफ करायचा.

*

निकाल लागला. दावा फेटाळला! खोल्या आमच्या राहिल्या. कोर्टाच्या आवारात आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. शांताने तर वकिलांच्या तोंडात पेढा कोंबला.

मालक हळूहळू आमच्याकडे आला. हातात पिशवी, पिशवीत ताटली. मी पदर खोचला. म्हटलं, एक शब्द वाकडा बोलू दे, इथेच बघते!

तो काकीसमोर उभा राहिला.

"म्हणजे आता तारीख नाही?"

"नाय."

"आणि... सांबारं?"

काकीने रिकामा डबा फडक्यात बांधला. गाठ मारली. त्याच्याकडे नीट बघितलं.

"मगे अपिलात जावा!"