नाहीदचं झाड फुललं तेव्हा

अख्तरीने लावलेलं झाड मेलं, असं घुटकाळा मोहल्ल्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं. तेलाच्या डब्यात पुदिना, फुटक्या बादलीत मोगरा, संडासाच्या भिंतीवर चढवलेली मधुमालती. चंद्रपूरच्या हवेतली कोळशाची धूळ पानांवर बसली की ती ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत बसायची. मोहल्ल्यातल्या बायका मरायला टेकलेल्या कुंड्या तिच्या दारात आणून ठेवत आणि म्हणत, "अख्तरीबाई, तुमच्या हाताले बरकत आहे. जरा पाहून द्या." हे ऐकायला तिला आवडायचं. दुसरं काही आवडून घ्यावं असं तिच्या वाट्याला फारसं आलंही नव्हतं.

नवरा अजीम याचा घराच्या पुढच्या बाजूला फोटो स्टुडिओ होता, मागे दोन खोल्या. त्यातली एक अम्मीची. अम्मी म्हणजे अख्तरीची आई. मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली अख्तरी गावातच दिलेली, म्हणून अब्बा गेल्यावर म्हातारी तिच्याकडे आली आणि राहिली. तिला दम्याचा त्रास होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिचं औषध, तिची उशी, तिची पेज सगळं अख्तरीच्या हातून व्हायचं. पण घास अख्तरीने भरवावा आणि अम्मीच्या तोंडून नाव निघावं ते नाहीदचं. "नाहीद आली नाई काऊन आज?"

नाहीद धाकटी. रंगाने उजळ, शाळेत हुशार. लग्न होऊन नागपूरला गेली होती. पुढे तिच्या नवऱ्याची बदली इकडच्या कोळसा खाणीच्या दफ्तरात झाली आणि दोघं चंद्रपुरातच, तुकूम भागात फ्लॅट घेऊन राहायला आली. दर शुक्रवारी ती संत्री नाहीतर बिस्किटं घेऊन यायची, अम्मीजवळ तासभर बसायची आणि जायची. ती गेल्यावर अम्मी संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दलच बोलत राहायची. अख्तरी भाकरी थापता थापता ऐकायची.

अशाच एका शुक्रवारी नाहीदने नागपूरच्या नर्सरीतून दोन रोपं आणली. जाड, गुळगुळीत पानं, माती नाही, नुसती सालपटं आणि कोळशाचे तुकडे. एक तिने स्वतःसाठी ठेवलं, एक अख्तरीला दिलं.

"ऑर्किड आहे आपा. फुललं की महिना-दोन महिने फूल हालत नाई. रंग कोणता निघंल ते नर्सरीवाल्यालेही माहीत नव्हतं. फक्त बाहेर नको ठेवू, आपल्या इथल्या उन्हात शिजून जाईल. घरात, लाइटीखाली ठेव."

कोणत्या लाइटीखाली, हे अख्तरीने विचारलं नाही. झाडाबद्दल नाहीदला विचारायचं? नाहीदला, जिने आयुष्यात कधी पुदिन्याची काडी खोचली नव्हती?

हिवाळा सरता सरता नाहीदचं झाड फुललं. तिने फोनमध्ये फोटो आणला. अम्मीने फोन डोळ्यांना चिकटवून पाहिला. गडद जांभळी फुलं, फुलपाखरं ओळीने बसावीत तशी.

"माझ्या नाहीदच्या हाताले बरकत आहे," अम्मी म्हणाली.

अख्तरीच्या हातातला औषधाचा चमचा तसाच राहिला. दुसरं काहीही म्हटलं असतं तर तिने गिळलं असतं. नाहीद देखणी आहे, शिकलेली आहे, तिचा नवरा पगारदार आहे, ते सगळं तिने गिळलंच होतं. पण बरकत तिची होती.

त्या दिवसापासून तिने स्वतःच्या ऑर्किडकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. ते अम्मीच्या खोलीत फळीवर होतं. तिथे उजेड नव्हताच. खिडकी होती, पण धूळ आणि थंडी आत येऊ नये म्हणून कायम बंद. पानं गर्द हिरवी आणि लुळी पडलेली. म्हणजे उजेड कमी पडतो, एवढं तिला कळलं. मग तिने अजीमच्या मागे लागून स्टुडिओतला जुना हॅलोजन काढायला लावला.

"अवं, त्याच्यापुढं नवरदेव पाच मिनिटं बसला तर घामाघूम होते," अजीम म्हणाला.

"फुलाले उजेड लागते. तुमच्याकडे आहे तर द्या."

दोन दिवसांत वरच्या पानावर पांढरा डाग पडला, मग तो तपकिरी होऊन कागदासारखा वाजू लागला. अजीम काही बोलला नाही. मुकाट्याने हॅलोजन उचलून परत घेऊन गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

मग तिने मोबाइलवर शोधून झाडांसाठीचा म्हणून विकतात तो जांभळा दिवा मागवला. लाल आणि निळे बारीक बल्ब असलेला. तो लावला तर सगळी खोली लग्नाच्या मंडपासारखी झाली. त्या उजेडात पानं काळी दिसायची. झाड बरं आहे की आजारी, काही कळेना. अम्मी तर पहिल्याच दिवशी कावली.

"हे काय लावलं? मले वाटलं बाहेर वरात थांबली. डोकं दुखून राह्यलं माझं, बंद कर."

"झाडासाठी आहे अम्मी."

"नाहीदकडे असाच आहे का?"

अख्तरीने खटकन बटण बंद केलं. नाहीदकडे कसा आहे, हेच तर तिला माहीत नव्हतं. आणि ते पाहिल्याशिवाय आता तिला चैन पडणार नव्हतं.

अम्मीची जुनी शाल नाहीदकडे राहिली आहे, असा बहाणा करून ती तुकूमला गेली. नाहीद चहा टाकायला आत गेली तशी अख्तरी मागच्या खोलीत शिरली. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. टेबलावर झाड, आणि वर साधी पांढरी एलईडी ट्यूब. बस, एवढंच. कोणत्याही दुकानात मिळते तशी. अख्तरीने पटकन वीत लावून पाहिलं. पानापासून ट्यूब दीड वीत वर. पानं कोवळ्या गवताच्या रंगाची, ताठ.

"आपा, काय मोजून राह्यली?" मागून नाहीदचा आवाज आला.

"काई नाई. धूळ पुसत होती."

नाहीदने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "आधी मीही चुकली होती. पिवळट ट्यूब आणली, झाड ढिम्म. मग ही दिवसासारखी पांढरी घेतली. तुलेही आणून देऊ का?"

"मले कशाले? माझं मस्त आहे."

परत येताना ती गोल बाजारात बिरजूच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात उतरली. बिरजूने विचारलं, "मावशी, वॉर्म पाह्यजे का कूल?" ती म्हणाली, "दिवसासारखी पांढरी." बिरजूने एक पिवळसर, एक निळसर आणि एक मधली अशा तीन ट्यूबा पेटवून दाखवल्या. "झाडाचं मले काई समजत नाई बा, मी घर उजळाचे दिवे विकतो." ती बराच वेळ तिन्हींखाली स्वतःचा तळहात धरून पाहत राहिली आणि मधली घेतली. नाहीदच्या खोलीतला उजेड तिच्या डोळ्यांत बसला होता, चूक होणं शक्य नव्हतं.

चूक झालीही नाही. उन्हाळाभर, पावसाळाभर झाडाने नवी पानं काढली. हिरवी, ताठ, अगदी तुकूमच्या झाडासारखी. अजीमने टायमर बसवून दिला, ट्यूब सकाळी लागायची, दिवेलागणीनंतर बंद व्हायची. तरी रात्री अम्मीला सारखं उठावं लागे म्हणून खोलीतला बल्ब जळतच असायचा. हिवाळा आला. अख्तरी रोज पानाच्या बुडाशी बोट फिरवून पाही. फुलाची दांडी काही निघेना. नाहीदच्या झाडाला दुसऱ्यांदा दांडी आली, कळ्याही धरल्या.

हिने मला मुद्दाम वांझ रोप दिलं. हा विचार एकदा डोक्यात आला तो निघेना. तिला आठवलं, त्या दिवशी दोन रोपं आणली तेव्हा नाहीदने आधी एक उचलून बाजूला ठेवलं होतं. लहानपणी ईदच्या कपड्यांतूनही ती अशीच आधी उचलायची.

शेवटी एका शुक्रवारी तिच्याच्याने राहवलं नाही. "तुझं कसं फुलते? माझी लाइट तर तीच आहे."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. नाहीद हसली नाही. "नुसत्या लाइटीनं नाई होत आपा. दिवसा उजेड आणि रात्री अंधार पाह्यजे, आणि थंडी. मी डिसेंबरात रात्री खिडकी उघडीच ठेवते. गारवा लागल्याशिवाय ते दांडी काढत नाई."

"हे मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"तू विचारलंच कुठी?"

अख्तरी अम्मीच्या खोलीत गेली. बंद खिडकी, फटीत कोंबलेल्या चिंध्या, जळता बल्ब, कोपऱ्यात शेगडी. अम्मी रजईत गुरफटून खोकत होती. या खोलीत ते झाड कधीच फुलणार नव्हतं. नाहीदची खोली रिकामी होती म्हणून तिचं फुललं. माझ्या खोलीत अम्मी आहे. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं, आणि त्यासरशी म्हातारीचा असा राग आला, की तिने झाडूच हातात घेतला आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडून काढलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाहीद सासरच्या लग्नासाठी सिरोंच्याला निघाली. फ्लॅटची किल्ली अख्तरीला देऊन गेली. "झाडाले थोडं पाणी दाखवून येशील?"

अख्तरी गेली. मागच्या खोलीत झाड पूर्ण फुललं होतं. फोटोतल्याहून मोठं आणि गडद. ती बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिली. पाणी घातलं. दाराला कुलूप लावलं, आणि पुन्हा उघडलं. कुंडी ओढणीत धरून ती ऑटोत बसली, तेव्हा मनाशी म्हणत होती, अम्मीला दाखवायचं आणि उद्या परत ठेवून यायचं. एवढंच.

अम्मीने फुलांवरून बोटं फिरवली. एकेक पाकळी चाचपली. "आलं का गं शेवटी तुझं फूल?"

"तुझं" हा शब्द अख्तरीने ऐकला. खरं सांगायला एक श्वास पुरला असता.

"आलं अम्मी," ती म्हणाली.

"माझी अख्तरी. तुझ्या हाताले बरकत आहे. लहानपणापासूनच होती."

दुसऱ्या दिवशी कुंडी परत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि नाहीद बसमधून उतरली ती घरी न जाता अम्मीसाठी आणलेले गोदावरीचे सुके झिंगे घेऊन सरळ घुटकाळ्यातच आली.

"पाह्य, पाह्य," अम्मीने तिला हाताला धरून बसवलं. "अख्तरीचं झाड फुललं. तू म्हणत होती नं, तिच्याच्यानं नाई होणार म्हणून?"

नाहीदने फुलांकडे पाहिलं. मग फळीच्या कोपऱ्यात सरकवलेल्या दुसऱ्या झाडाकडे, ज्याच्यावर पानंच पानं होती. मग बहिणीकडे. "मस्त आहे," एवढंच म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात आली. अख्तरी तिच्यामागोमाग.

"मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?" नाहीदचा आवाज दबलेला, पण डोळे पेटलेले.

"मागाचंच तर नव्हतं नं."

"माझं झाड आहे ते आपा. एक ते तरी माझं राहू देत जा."

"एक?" अख्तरीचा आवाज चढला. "सारं तर तुझंच आहे! चोवीस तास अम्मीचं मी करते आणि नाव कोणाचं घेते?"

"आणि खोकला आला की रात्री हाक कोणाले मारते?" नाहीद म्हणाली. "मले आजपर्यंत कधी मारली? मी पाहुणी आहे तिची. पाहुण्याचं कौतुकच होते. मी दर शुक्रवारी येते आणि पाहते, तिची उशी कशी पाह्यजे ते मले माहीत नाई, तुले माहीत आहे. मी काय जळत नसंल?"

नाहीद आपल्यावर जळते, हे अख्तरीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी वाईट वाटण्याआधी जरा बरं वाटलं.

नाहीदने डोळे पुसले. "फुलं गळेपर्यंत राहू दे इथी. अम्मीले नको सांगू."

ती झाड न घेताच गेली. पण पुढचे दोन शुक्रवार आली नाही, फोनही उचलला नाही. तिसऱ्या शुक्रवारी आली तेव्हा अख्तरीने झिंग्याची चटणी वाढली आणि दोघी बोलू लागल्या, दुसऱ्याच कशाबद्दल तरी.

त्या साली अख्तरीने स्टुडिओमागची डार्करूम रिकामी केली. फोटो धुवायचं बंद झाल्यापासून तिथे नुसती अडगळ होती. अजीम कुरकुरला, "त्या खोलीत मी उभ्या जिंदगीत उजेड येऊ नाई दिला, आणि तू ट्यूब लावतं." तरी खिडकीसाठी भिंतीत भोक त्यानेच पाडून दिलं. झाड तिथे गेलं. दिवसा पांढरी ट्यूब, रात्री अंधार, आणि डिसेंबरात छोटी खिडकी सताड उघडी. अख्तरी शाल गुंडाळून सकाळी सकाळी पाहायला जाई. एके दिवशी पानाखालून हिरवं, बोथट टोक बाहेर आलेलं दिसलं.

फुलं आली ती पांढरी, मधोमध पिवळा ठिपका. जांभळी नव्हती. अख्तरी थोडी खट्टू झाली, मग विचार करून खूश झाली. नाहीदसारखी नाहीत तेच बरं. शुक्रवारची वाट पाहून, नाहीदच्या समोरच तिने कुंडी अम्मीच्या मांडीजवळ नेऊन ठेवली.

अम्मीने पुन्हा एकेक पाकळी चाचपली, डोळे बारीक करून पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण तुझं मागच्या सालचं जांभळं होतं नं अख्तरी, त्याची बातच और होती."

नाहीदने तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

अख्तरी चहा टाकायला उठली. नाहीदच्या कपात तिने मुद्दाम साखर घातली नाही. नाहीदने एक घोट घेतला, आपाकडे पाहिलं, आणि सगळा चहा संपवला.