ओळंब्याची खिडकी

"ज्याचं घर, तो बाहेर."

हे ओळंब्याचं पालुपद होतं. लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा बायकोने ते त्याच्यावरच उलटवलं. "ज्याची लेक, तो बाहेर. जा, अंगणात बसा." आणि तो खरंच मुकाट्याने जाऊन बसला.

तो गवंडी. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्या ओळंब्यावरून त्याचं नाव पडलं. माणूसही तसाच होता, सरळ आणि जड. आमची वसाहत गावाबाहेरच्या उतारावर आहे. सहकारी संस्थेच्या सभासदांनी मिळून ती बांधली, पण दगडावर दगड बसवला तो त्याने. घरं संस्थेच्या मालकीची. एखादं रिकामं झालं की ते कुणाला द्यायचं हे समिती हात वर करून ठरवते. समितीचा अध्यक्ष पहिल्यापासून ओळंबाच. ज्याच्या घराचा विषय निघेल त्याने बैठकीतून उठून बाहेर जायचं, हा नियम त्यानेच घातला. आजूबाजूच्या गावांत संस्था भांडणांनी मोडल्या, आमची टिकली ती या नियमावर.

मग उताराच्या पायथ्याचं शेवटचं घर रिकामं झालं. बाकी सगळ्या घरांना पायऱ्या, या एकालाच नाहीत. मागणाऱ्या दोघी. एक पोस्टमनची बायको. पडल्यापासून तिच्या कमरेखाली जीव नव्हता, ती चाकाच्या खुर्चीत असे. दुसरी ओळंब्याची लेक. नवरा लांबच्या कामावर, आणि ती तान्ह्या बाळाला घेऊन बापाच्या मागच्या खोलीत राहायची. ओळंबा आणि पोस्टमन दोघेही समितीत होते. दोघे उठून बाहेर गेले.

पोस्टमन पंपाच्या खोलीआड, बैठकीकडे पाठ करून बसला. ओळंबा मात्र खिडकीशी उभा राहिला. ती खिडकीही त्यानेच ठेवलेली, खाली बसलेल्यांनाही वारा लागावा म्हणून बेताच्या उंचीची. गजांवर हात ठेवून तो आत बघत राहिला. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कोणतंही काम होताना लक्ष ठेवायची त्याला सवय होती, एवढंच.

समितीतल्या शिंपीणकाकूंनी लेकीचं नाव घेतलं. सगळ्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि सगळे हात वर गेले.

ओळंबा ताठ मानेने घरी आला. दुसऱ्या सकाळी पोस्टमनची समजूत घालावी म्हणून तो वर चढला. पोस्टमन बायकोला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरत होता.

"सरका दादा," ती म्हणाली. "पार्सल उतरतंय. वजन फार आहे, तिकिटं कमी लावलीत."

ओळंबा हसला. मग म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको रे. नियमाने झालं. तूही बाहेर होतास, मीही बाहेर होतो."

पोस्टमनने तिला खालच्या पायरीवर हलकेच बसवलं. दम खाल्ला.

"मी बाहेर होतो, दादा. तुम्ही खिडकीत होतात."

तो रागाने बोलला नाही. पत्र कुणाचं आहे ते वाचून सांगावं तसा बोलला. ओळंब्याने खुर्ची खाली आणायला हात पुढे केला, पण पोस्टमन स्वतःच ती आणायला वर गेला होता. तो पुढे केलेला हात कुठे ठेवावा हे ओळंब्याला कळेना.

तिथून तो तडक शिंपीणकाकूंकडे गेला. मशीन चालू होतं.

"खरं सांगा. मी तिथं नसतो तर?"

काकूंनी मशीन थांबवलं. "आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावरचं छप्पर तुम्ही घातलेलं. तुम्ही बघत असताना कोण हात खाली ठेवणार, दादा?"

"तोंड होतं ना सगळ्यांना?"

"होतं. पण तुमच्यासमोर उघडायची सवय कधी लागलीच नाही. चूक आमचीही आहे, पण वळण तुम्ही लावलंत."

बैठकीच्या खोलीवरून जाताना तो मान फिरवायचा. इतक्या वर्षांत किती जण बाहेर बसले असतील आणि आपण आत बसून कुणाकुणाला नजरेनेच गप्प केलं असेल, या विचाराने तो आतल्या आत चुरत गेला. लोक नेहमीसारखेच नमस्कार करत. ते त्याला जास्त लागे.

शेवटी तो लेकीकडे गेला. तिने नव्या घरात पाळणा टांगला होता.

"पुन्हा ठरवायला सांगणार आहे मी," तो म्हणाला.

"लाज तुम्हाला वाटली, बाबा. पाळणा माझ्या लेकराचा का उतरवता?"

"तुझंच ठरलं तर सुखाने राहा. पण माझ्या नजरेने मिळालेलं नको."

तिने पाठ फिरवली.

बैठक बसली. अध्यक्षाची खुर्ची त्याने काकूंना दिली आणि हात वर न करता चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "दादा, तुम्ही बसा पंपाशी. खिडकी लावून घेतो की."

"लावलेल्या खिडकीतूनही मी दिसेन तुम्हाला," तो म्हणाला.

चिठ्ठ्यांतून काय निघालं ते आता लपलेलं नाही. पाळणा पुन्हा मागच्या खोलीत आला आणि पायथ्याच्या घराच्या उंबऱ्यावर चाकांचे वळ उमटले. लेक बरेच महिने बापाशी बोलली नाही. पण मला आठवतं ते चिठ्ठ्या पडायच्या आधीचं.

तो बैठकीतून उठला आणि वसाहतीच्या रस्त्याने गावाच्या उलट बाजूला निघाला. चालताना भिंतींकडे बघायची त्याची खोड होती, त्या दिवशी त्याने एकाही भिंतीकडे पाहिलं नाही. वरच्या पायरीवरून पोस्टमनची बायको त्याला पाहत होती. खालच्या दारातून बाळाला कडेवर घेतलेली लेक पाहत होती. आणि त्या बेताच्या उंचीच्या खिडकीशी उरलेली सगळी समिती उभी होती. तो वळणाआड जाईपर्यंत कुणीही चिठ्ठीला हात लावला नाही.